रेडिओ तेरेखोलचं रक्षाविसर्जन

बेळगाव,
शनिवार, सकाळची शाळा सुटल्यावर

ति. परशरामअण्णा यास,

धाकट्या मावसबहिणीचा, म्हणजे बेबीचा, साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली आठांतली सगळी अंगं वाकत नाहीत, उरलेली तू समजून घे.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुझी तब्येत कशी आहे? हे मात्र पद्धत म्हणून विचारत नाही. छातीत जड जड वाटतं असं मागं म्हणाला होतास, ते कमी झालं का? जिना चढताना धाप लागते का? झोप लागते का, आणि मुख्य म्हणजे सकाळी जाग येते का? वहिनींना नमस्कार सांग आणि त्यांनाही विचार, त्यांच्या मते तुझी तब्येत कशी आहे. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहिलंत तर बरं. बेबी वयाप्रमाणे शंकेखोर झाली असं तुला वाटेल. अण्णा, कालपासून आपल्या पंचक्रोशीत तू वारला आहेस. तेव्हा चौकशी जरा बारकाईनं होणारच.

दचकू नकोस. दचकलास तर बसून घे, पाणी पी आणि मग पुढं वाच. तू वारलास यात तुझी काही चूक नाही. थोडी माझी, बरीचशी आपल्या फ्लेक्सवाल्या भावकूची आणि उरलेली आपल्या भागातल्या चालीरीतींची आहे. सगळं सांगते, पण जीव कशानं टांगणीला लागलाय ते आधीच सांगून ठेवते. बातमी मालूमावशीच्या कानावर गेलीय. ऐंशीच्या घरातली तुझी आई, नंदगडच्या पुढं आपल्या गावात एकटी, आणि तिला तुझा आवाज ऐकवायची माझ्याकडं काहीही सोय नाही. कारण तू आणि वहिनी पुण्यापलीकडच्या त्या निसर्गोपचार केंद्रात जाऊन बसला आहात. तिथं म्हणे दारातच फोन काढून घेतात, बोलायला बंदी, आणि दोन वेळ दुधी भोपळ्याचा रस. (पूर्वी असल्या ठिकाणी सरकार पाठवायचं आणि खर्चही सरकारच करायचं.) मी तिथल्या ऑफिसात फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, साधक मौनात आहेत, निरोप देता येत नाही, अगदी कुणाचं बरंवाईट झालं असेल तरच देतो. मी म्हटलं, बरंवाईटच झालंय. कुणाचं, त्यानं विचारलं. मी म्हटलं, त्यांचंच. त्यानं फोन ठेवला. तेव्हापासून माझा नंबर दिसला की उचलत नाहीत. म्हणून हे पत्र. आमच्या शाळेतले निपाणीचे गोपाळसर भाचीच्या साखरपुड्याला पुण्याला निघालेत, ते वाट वाकडी करून तुमच्या दारात आणून देतील. (सर भरवशाचे आहेत. सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर गाडी अडकली की त्यांना राजकारण सुचतं, तेवढं सोडलं तर माणूस सरळ.)

आता मूळ मयत. अण्णा, रेडिओ तेरेखोल बंद होतंय. मागच्या रविवारी मी भाकरी थापत होते आणि ओट्यावरच्या मोबाईलमधून आपले निवेदक फेलिक्सबाब बोलत होते. (हल्ली आपलं स्टेशन मोबाईलवर लागतं, टाकीवर चढावं लागत नाही. खरं सांगू का, पायाला बरं आहे पण कानाला गोड लागत नाही.) दोन गाण्यांच्या मध्ये, बाजारात मासळीचा भाव सांगावा तशा आवाजात ते म्हणाले की पुढच्या रविवारी संध्याकाळी पाच ते सहा हा आमचा शेवटचा तास. पुढं ही जागा दुसऱ्या मालकाची. तो काय वाजवणार ते त्यालाच ठाऊक, पण त्याचा धंदा प्लॉटचा आहे. एवढं सांगितलं आणि पुढचं गाणं लावलं. माझी भाकरी तव्यावर कोळसा झाली. आमचे हे आतून ओरडले, "काय जळतंय गं?" मी म्हटलं, "माझं तारुण्य." तर म्हणाले, "मग खिडकी उघड." आमच्या घरातली शोकसभा एवढ्यावर संपली.

पण माझी संपेना. तू हसशील, पण मी म्हटलं, माझं असं या जगात काय होतं? जन्म नंदगडच्या पुढं, लग्न बेळगावात, नोकरी मराठी शाळेत, पगाराचे कागद कन्नडमधून, आणि घरी टीव्ही हिंदी. त्यात आपलं म्हणून एक स्टेशन होतं, ते गोव्याचं आणि इंग्रजी रॉक गाण्यांचं. भात कापून झाला, आभाळ कोरडं झालं की गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर दुपारी तेवढं लागायचं. गोव्याहून मासळीचा टेम्पो चोर्ला घाट चढून यायचा आणि त्याच्या मागोमाग फेलिक्सबाबांचा आवाज यायचा, दोन्ही निम्मे खराब होऊन. पावसाळ्यात दोन्ही बंद. तू खांद्यापर्यंत केस वाढवून एरियल धरून उभा, भावकू टाकीच्या पत्र्यावर ताल धरणार, आणि मी खाली बसून शब्द लिहून घेणार, ज्यातला एकही शब्द बरोबर नसायचा. मावशी म्हणायची, "हे गाणं हाय व्हय? गुऱ्हाळाचं इंजिन बिघडल्यागत वाजतंय." आणि तिचा खरा राग वेगळाच होता. तिकडचा प्रत्येक गडी गळा काढून 'बेबी, बेबी' करायचा, आणि तिची ठाम समजूत झाली होती की आपल्या बहिणीच्या पोरीला गोव्यातनं कुणीतरी हाका मारतंय. माझ्या आईला तिनं बोलावून सांगितलं, "हिचं लवकर बघा. लई लांबनं मागणी याय लागलीया."

इंग्रजी माझं त्या टाकीवरच सुधारलं आणि तिथंच बिघडलं. बी.एड.च्या तोंडी परीक्षेत मी परीक्षक बाईंना 'समस्त कोळी बांधवांनो' असं इंग्रजीत म्हणून नमस्कार केला होता, कारण फेलिक्सबाब रोज तशीच सुरुवात करायचे. तरी सांगते अण्णा, त्या काळात आपल्याला जो तो विचारायचा, तुम्ही कुणाचे? इकडचे की तिकडचे? मोर्चात विचारायचे, कॉलेजात विचारायचे, एस.टी.त विचारायचे, आणि कुठलंही उत्तर दिलं तरी निम्मी एस.टी. रागावायची. फेलिक्सबाबांनी कधी विचारलं नाही. त्यांचा मोठेपणा म्हणावा, तर घाटाच्या वर आपण आहोत हेच त्यांना ठाऊक नव्हतं. पण दिवसातला तो एक तास आपण कुणाचेच नसायचो, आणि मला अजून वाटतं की तेवढा तास आपण अगदी आपले असायचो. (हे वाक्य वाचून तुला उचकी लागली तर तोही एक पुरावा समजेन.)

तर मी ठरवलं, स्टेशनला रीतसर निरोप द्यायचा. रविवारी पाच वाजता टाकीजवळ जमायचं, मावशीच्या माळ्यावरचा तुझा जुना टू-इन-वन रेडिओ काढायचा आणि शेवटचा तास तिथंच ऐकायचा. जमणार कोण, तर मी, भावकू, आणि कुठं विखुरलेलं आणखी कुणी असलंच तर तो. त्यांना कळावं म्हणून नंदगडच्या फाट्यावर एक फ्लेक्स लावायचा. भावकूचं खडेबाजारात फ्लेक्सचं दुकान आहे हे तुला ठाऊक आहेच. त्याच्याकडं नमुने दोनच, वाढदिवस आणि श्रद्धांजली. वाढदिवसात मागं वाघ असतो, श्रद्धांजलीत ढग. तो म्हणाला, "बेबीआक्का, तिसरं आपल्याकडं कोण काय करतंय?" आणि मला नको तो विनोद सुचला. मी म्हटलं, ढगच दे. मजकूरही मीच सांगितला: रेडिओ तेरेखोल यांचे श्रोत्यांच्या दीर्घ आजाराने निधन झाले, पश्चात तीन श्रोते व एक एरियल असा परिवार आहे. स्वतःवर इतकी खूश झाले होते की विचारू नकोस. आयुष्यात माझी प्रत्येक फजिती मी स्वतःवर खूश असतानाच झालेली आहे.

भावकूपुढं प्रश्न पडला फोटोचा. श्रद्धांजलीला फोटो नाही म्हणजे देव्हाऱ्यात देव नाही. फेलिक्सबाबांना कुणी कधी पाहिलेलं नाही, ते दिसतात कसे देव जाणे. मी त्याला आठवण म्हणून आपला टाकीवरचा जुना फोटो पाठवला होता. त्यानं त्यातून तुला कापून घेतलं. (का, विचारल्यावर म्हणाला, "त्यातल्या त्यात रेडिओवाला त्योच वाटत होता, केसांमुळं.") डोक्यामागं तेजोवलय काढलं, खाली समई ठेवली. सरकारी नियमाप्रमाणे कन्नड वर मोठं हवं म्हणून 'भावपूर्ण श्रद्धांजली' कन्नडात, त्याखाली तेच मराठीत, आणि माझा सगळा विनोद जागेअभावी काढून टाकला. 'रेडिओ तेरेखोल' तेवढं तळाशी बारीक अक्षरात राहिलं, ते बोर्ड लावताना विजेच्या पेटीमागं गेलं. रविवार सायंकाळी पाच, टाकीजवळ, हे लिहायचं होतं. त्यावर काहीतरी मथळा पाहिजे म्हणून त्यानं नमुन्यातला होता तोच राहू दिला, 'रक्षाविसर्जन'. मला पाहायला पाठवलं तेव्हा मी परीक्षेच्या वर्गावर होते. बाहेर आल्यावर चष्मा पर्समध्ये, पर्स वर्गात. मोबाईलवर ढग दिसले, मी अंगठा दाखवला.

गुरुवारी संध्याकाळी बोर्ड लागला आणि शुक्रवारी सकाळी तू गेलास. आपल्याकडं बोर्ड वाचत कोण नाही, बोर्ड बघतात. फोटो ओळखीचा, ढग ओळखीचे, प्रश्न मिटला. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला, तो दुपारी निपाणीला तुझ्या बहिणीकडं पोचला. अक्काताईचा फोन आला. फोन कसला, नुसता हंबरडा. ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा मी म्हटलं, "आक्का, अण्णा जिवंत आहे." तर तिनं नाक शिंकरलं. मग म्हणाली, "मग मला आधी का न्हाई सांगितलीस? तंबाखूची पेंढी तशीच टाकून टेम्पो ठरवलोय की मी!" म्हटलं, टेम्पो रद्द कर. म्हणाली, "इसार दिलाय. आता येणारच."

बोर्ड काढायला सांगितलं तर भावकू तयार होईना. रक्षाविसर्जनाआधी श्रद्धांजलीचा बोर्ड उतरवला तर उतरवणाऱ्याच्या घरात दुसरं होतं, असं त्याचं म्हणणं. शिवाय तुझ्या खाली 'शोकाकुल' म्हणून गावातल्या तिघा पुढाऱ्यांनी आपापले फोटो रातोरात घालून घेतलेत, तुझ्यापेक्षा मोठे. निवडणूक जवळ आलीय. आता तुला जिवंत करायचं तर आधी त्यांची परवानगी लागेल.

काल दुपारीच मी शाळेतून अर्धी रजा टाकून बस पकडली. बायकांना बस फुकट झाल्यापासून मयतीचं क्षेत्र फार विस्तारलंय. पूर्वी शेजारपाजारच्या मयतीला जायच्या, आता तालुका गाठतात. खानापूरच्या पुढं सगळी बस तुझ्याच घरी निघालेली. माझ्या शेजारची म्हणाली, "लई चांगला होता म्हणं." मी विचारलं, ओळख होती का? "न्हाई गं. पर केस बघ की कसलं होतं!" मी सांगायला गेले की तो मेलेला नाही, तर तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "हुईल बाई, हळूहळू पटंल."

मावशीच्या अंगणात शिरले. अंगण बायकांनी भरलेलं आणि सगळ्या रडत होत्या, मावशी सोडून. मावशी पायरीवर बसून त्यांची समजूत काढत होती. रुक्माबाई शेजारीण रीतीप्रमाणे झाकलेलं भांडं घेऊन उभी, दुःखाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून. मावशीनं तिला आत बोट दाखवलं. "रुक्मे, ते भांडं जसं आणलीस तसं घिऊन जा. माझी चूल पेटलीया. धूर दिसंना व्हय तुला?" आणि सगळ्यांना उद्देशून म्हणाली, "परशा न सांगता पुण्याला गेला, न सांगता केस वाढवला, न सांगता फ्लॅट घेतला. पर मरायचं असतं तर मला सांगून मेला असता. तेवढी रीत हाय त्याला." मग मला बघून, "ये बाई. तूच न्हवं बोर्ड लावल्याली? बस. रड तूबी."

मी तुमच्या केंद्राची हकीकत सांगितली. ती सगळी ऐकून तिनं एकच विचारलं, "उपाशी राहायला पैसं देतोय? हिकडं ये म्हणावं, मी फुकट ठेवतो." बायका हसल्या, डोळे पुसत उठल्या आणि बसच्या वेळेला निघून गेल्या. अण्णा, इथपर्यंत मी मनातल्या मनात म्हणत होते, चला, सुटलो. मग अंगण रिकामं झालं आणि मावशीनं माझ्याकडं न बघता विचारलं, "खरंच बरा हाय न्हवं गं?" म्हटलं, व्हय मावशी. "तू बोललीस त्याच्यासंगट?" म्हटलं, केंद्रातल्या माणसाशी बोलले. (हे खोटं नाही. तू वकिलाला विचार.) मग मावशी म्हणाली, "मी रुक्मीच्या फोनवरनं लावलतो. एक बाई सांगती बंद हाय म्हणून. कन्नडात सांगती, हिंदीत सांगती, विंग्रजीत सांगती. मराठीत न्हाई सांगत. म्हणून मी ते धरतच न्हाई." मी पाणी प्यायला म्हणून आत गेले. चुलीवर खरंच धूर होता. टोपलीत भाकरीची चवड होती, जगाला दाखवण्यापुरती थापलेली. एकही मोडलेली नव्हती. वरच्या दोन वाळून पापड झाल्या होत्या.

तर माझी विनंती एवढीच की गोपाळसर दारात उभे असतील तेव्हाच त्यांच्या हाती मावशीच्या नावानं एक ओळ दे. मौन तोडायला नको, लिही. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवीन. काहीही लिही, दुधीच्या रसाबद्दल लिही. उद्या पाच वाजता सबंध पंचक्रोशी पांढरी टोपी घालून टाकीजवळ येणार आहे आणि त्यांच्यापुढं उभं राहून मला सांगायचंय की मेलेला माणूस नसून रेडिओ आहे. स्टेशनला निरोप द्यायला म्हणून निघाले होते, आता माझ्याच डोळ्यांना रडायला वेळ उरेल असं दिसत नाही.

लोभ नसला तरी चालेल, जीव असावा.

तुझी,
बेबी

ता. क. (रविवार, दिवेलागण) गोपाळसर उद्या सकाळी निघतायत, म्हणून पत्र फोडून हे जोडते. झालं एकदाचं. टाकीजवळ इतकी माणसं तुझ्या लग्नालाही नव्हती. अक्काताईचा टेम्पो आला, तिघे पुढारी आले आणि एकमेकांच्या पुढं उभे राहिले. मालूमावशी आली ती दसऱ्याची जरीकाठाची साडी नेसून, कुणाला शंका नको म्हणून. मी कट्ट्यावर चढून सांगितलं की परशराम सुखरूप आहे, आज मरतंय ते एक गोव्याचं स्टेशन आहे, आणि सगळ्यांची माफी मागते. मागून एक म्हातारबा म्हणाले, "सांजचं रक्षाविसर्जन म्हटल्यावर मला वाटलंतंच कायतरी घोळ हाय." दुसरे म्हणाले, "आलोयच तर ऐकून जातो." आणि अण्णा, कुणीही उठलं नाही. टू-इन-वन लावला, भावकूनं एरियल धरलं, आणि घाट चढून तो आवाज आला, तसाच निम्मा खराब. माणसं मान खाली घालून, हात जोडून ऐकत होती. गिटार फारच कळवळली तेव्हा एकानं टोपी काढली. मी आयुष्यात इतका सभ्य रॉक ऐकला नव्हता.

सहाला पाच कमी असताना फेलिक्सबाब बोलायला लागले. आवाज म्हातारा झालाय. इंग्रजीत म्हणाले (मी मराठीत देते), आजच एक फोटो मिळाला, घाटावरच्या बेळगावकडचा एक श्रोता वारला. परशराम त्याचं नाव. इतकी वर्षं मला वाटत होतं माझा आवाज समुद्राकडंच जातो. तो डोंगर चढून जात होता हे मला शेवटच्या दिवशी कळावं ना! हे शेवटचं गाणं त्याच्यासाठी. मी भावकूकडं बघितलं. भावकूनं टाकीकडं बघितलं. (स्टेशनच्या नंबरावर फ्लेक्सचा फोटो त्यानंच पाठवला होता, नावासकट, कौतुकानं.) आता दुरुस्ती करायची तर स्टेशनच शिल्लक नाही. म्हणजे रेडिओ तेरेखोलच्या दफ्तरी तू कायमचा गेलास.

पण तुझं नाव ऐकून मावशी ताडकन उभी राहिली. "परशाचं नाव घेतला की गं! काय म्हणाला?" इंग्रजी कळणारे मी आणि भावकू दोघंच होतो. मी म्हटलं, गाणं लावतोय त्याच्यासाठी. तर ती बायकांकडं वळली. "बघा! मेलेल्याची फर्माईश कोण लावतंय व्हय? जित्या माणसाचं नाव घेत्यात रेडिओत. आता कुणी रडाय याचं न्हाई." आणि कमरेवर हात ठेवून तिनं ते अख्खं गाणं ऐकलं, गुऱ्हाळाच्या इंजिनासकट. गाणं संपलं. फेलिक्सबाब पुन्हा बोलतील म्हणून सगळे थांबले. नुसती खरखर. कुणीतरी विचारलं, "सेल संपलं काय?" मी म्हटलं, नाही, स्टेशन संपलं. बटण माझ्या हाताशी होतं, पण बंद करवेना. शेवटी माणसं उठून निघाली तरी मी आणि भावकू ती खरखर ऐकत बसलो. वाईट नव्हती. तीही गोव्याहूनच येत असल्यासारखी वाटत होती.

आणखी ता. क. मावशीनं घरी जाऊन माझ्यादेखत गरम भाकरी करून खाल्ली, वर ठेच्याला नावं ठेवली. तेव्हा तिच्यासाठी जी ओळ मागितली होती ती आता नको. तिचं समाधान झालंय.

शेवटचा ता. क. ती ओळ पाठवच. माझ्यासाठी पाठव. तुला एक सांगितलं नाही. मी टाकीजवळ पोचायच्या आत रुक्माबाईनं रीतीप्रमाणे दगडावर पान मांडलं होतं, तुला आवडतात म्हणून कांदाभजी, कपभर चहा, आणि कॉलेजात ओढायचास ती सिगारेट. मी ओरडले, अगं उचल ते, माणूस जिवंत आहे. ती वाकेपर्यंत कावळा आला. क्षणभरही थांबला नाही. भजी घेऊन गेला. बायका म्हणाल्या, बघा, काही इच्छा राहिली नाही बिचाऱ्याची. मी गेली पंचवीस वर्षं मुलांना भूगोल शिकवते, कावळे कुणाचीही भजी नेतात हे मला पक्कं ठाऊक आहे. सगळ्या तालुक्याला तू जिवंत आहेस असं छातीठोकपणे मीच सांगितलंय, आणि अण्णा, मला तसं अजून कुणीच सांगितलेलं नाही.